फाटकापाशी जोडलेले हात

हिराआत्या,

वडखळच्या नाक्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. खाली ज्यांची नावं आहेत त्यांतल्या निम्म्यांना तू दारात उभं केलं नसतंस, आणि उरलेल्यांनी तुला केलं नव्हतं. फोटो कुणाच्या तरी हळदीतला असणार. शेजारची माणसं कापून काढलीत, पण तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात राहून गेलाय. आणि त्यात तू हात जोडून उभी आहेस. हा फोटो त्यांना सापडला कुठून, हेच मला कळत नाही. देव सोडून दुसऱ्या कुणापुढे तुझे हात जोडलेले मी एकदाच पाहिले. त्या एका वेळेवरून आपलं भांडण झालं, ते मिटायच्या आत तू गेलीस, आणि आता त्याच वेळेवरून तुझ्या माघारी खटला चाललाय.

तुझा जन्म कुठला, शाळा कितवीपर्यंत, कुठल्या मोर्चात तू पुढे होतीस, हे सगळं शोकसभेत सांगून झालं. बरंचसं चुकीचं सांगितलं.  सभा संपल्यावर आपल्या संघटनेचीच मंडळी, माझ्यासारखीच नात्याविना तुला आत्या म्हणणारी, मला मंडपाच्या मागे घेऊन गेली, तिथून पुढचं मात्र तुला सांगायला हवं.

"मंगळवारी सुनावणी हाय. तुला इचारतील."

"विचारू देत."

"आत्यानं फाटकाशी परवानगी मागितली नाय, एवढंच बोलायचं. ती उभी होती, त्यानं आपणहून उघडलं."

"तिनं मागितली. मी तिथंच होते."

"ते आम्हाला पण माहीत हाय गो. पण ती आता सांगायला येनार हाय का?"

तुझ्या चितेचा धूर अजून त्यांच्या कपड्यांना होता, आत्या, आणि ते तुझ्या नसण्याचा उपयोग सांगत होते. वाईट माणसं नाहीत ती. वाडीच्या वाटेसाठी माझ्याइतकीच तीही झिजलीत. पण त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की मी चप्पल न घालता घरी गेले.

मंगळवार काल झाला. मी तिथं काय बोलले, ते दुसऱ्या कुणी तुला तिखटमीठ लावून सांगायच्या आत मी सांगते. त्यासाठी आधी तो दिवस पुन्हा चालायला हवा.

पेणहून पहिली एसटी धरून आपण दोघी नागोठण्याच्या पुढे उतरलो होतो. माघातली थंडी. तुझ्या पिशवीत दरवर्षीसारखी जाड्या मिठाची पुरचुंडी, वाडीतल्या प्रत्येक घराला थोडंथोडं. लहानपणी तुझ्या वडिलांच्या मिठागरावर कामाला हीच ठाकर माणसं यायची, तुमच्या अंगणात निजायची. ते नातं तू मीठ देऊन पाळत होतीस. बदल्यात वाडी तुला वालाच्या शेंगा द्यायची आणि चढ लागला की तुझी टिंगल करायची. कारण खाडीकाठी वाढलेली तू, तुला चढ म्हणजे अपमान वाटायचा.

"ह्यो डोंगर उभा कुनी केला? आडवा ठेवला असता तर काय बिघडलं असतं?"

"आडवा ठेवला असता तर त्याला बांध म्हनतात आत्ये," सोमी म्हणाली. "त्यो तुझ्याकडं हाय. आमच्याकडं उभाच मिलतो."

वाडीतून आपण चौघं निघालो होतो. तू, मी, सोमी आणि तिचा नवरा बाळू. सोमी माझ्याच वयाची. तिच्या डोक्यावर शेंगांची पाटी, बाळूच्या खांद्यावर करांद्यांचं, डोंगरातल्या कंदांचं ओझं, आणि माझ्या पाठीवर पत्रकांचा गठ्ठा. वाडीतल्या बायका बाजाराला रोह्याला जातात ती वाट हीच. डोंगराची धार ओलांडायची आणि दिवस मावळायच्या आत कुंडलिका नदीकाठी उतरायचं. डांबरी रस्ता भिसे खिंडीतून फिरून जातो. पण गाडीवाला पाटीचं वेगळं भाडं घेतो आणि ते देऊन शेंगांत काही उरत नाही. म्हणून वाट. पण रोह्याकडच्या उतारावरची जमीन एका मालकानं घेतली, बंगल्यांचे प्लॉट पाडायला. आधी खांब आले, मग तार आली. तेव्हापासून तू वर्षातून एक दिवस मुद्दाम वाडीबरोबर ही वाट चालायचीस.

धारेवर आपण वालाच्या शेंगांची पोपटी खाल्ली. बाळूच्या आईनं रात्रीच लावलेली, मडक्यातून काढून पानात बांधलेली. गार झाली होती, तरी भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास तसाच. एका बाजूला पार लांब धरमतरची खाडी चकाकत होती, दुसऱ्या बाजूला धाटावच्या कंपन्यांची धुराडी. सावरीला फुलं आली होती आणि खाली कुठं तरी राब भाजत होते. तू पाय पसरून बसलीस आणि म्हणालीस, "वाच बघू तुजा कागद."

मी वाचलं. रात्रभर जागून लिहिलं होतं. बाबांच्या छापखान्यात मी पत्रकांच्या घड्या घालत वाढले, अक्षरं पत्रकांवर गिरवली, तेव्हा माझ्या हातात ती भाषा बसलेली. 'ही वाट आमच्या हक्काची' असं ठळक शीर्षक, खाली चार परिच्छेद आणि शेवटी 'तरी शासनास व संबंधितांस आमची नम्र विनंती आहे की.'

"थांब," तू म्हणालीस. "वर हक्क हाय ना? मंग खाली इनंती कुठून आली?"

"पत्रकात असं लिहितात."

"कोन लिवतात? ज्यांना मिळत नाय ते लिवतात. खोड."

"सगळ्या प्रतींवर?"

"आमी काय घाईत हाओत?"

आणि आपण चौघं त्या धारेवर बसून एकेका पत्रकावरची 'नम्र विनंती' खोडत बसलो. सोमीला लिहिता येत नव्हतं, पण खोडणं तिला सगळ्यांत जास्त आवडलं. ती म्हणाली, शाळेत हे शिकवलं असतं तर मी गेले असते. बाळूनं एका पत्रकावर चुकून 'हक्क' खोडलं, आणि तू ते पत्रक वेगळं काढून म्हणालीस, "हे मालकाला द्या." आत्या, पुस्तकांत मला न सापडलेलं बरंच काही मला तुझ्याकडून मिळालं, पण त्या दुपारइतकं हसून मी दुसरं काही शिकले नाही.

तेव्हाच तू मिठागराच्या बांधाची गोष्ट पुन्हा सांगितलीस. मला ती पाठ होती, सोमीनं ऐकली नव्हती. तुमच्या गावातून खाडीच्या तोंडापर्यंत बांधावरून पायवाट होती. मग पलीकडे कंपनी आली. तिचा एक साहेब भला माणूस होता. तो म्हणाला, तुम्ही जा-ये करा, फक्त एकदा येऊन सांगा, आम्हाला बरं वाटेल. तुझे वडील गेले आणि अदबीनं म्हणाले, साहेब, आम्ही जाऊ ना? साहेब म्हणाला, जा की. पुढच्या वर्षी जायला पास करून दिले. त्याच्या पुढच्या वर्षी साहेब बदलला आणि पास बंद झाले. तक्रार करायला गेलात तेव्हा तुमच्यापुढे एकच प्रश्न ठेवला गेला: वाट तुमची होती, तर परवानगी कशाला मागितली? वडिलांनी सभ्यपणा केला, एवढंच.

"म्हनून मी इचारत नाय," तू सोमीला म्हणालीस. "सांगते. आमी चाललो, असं सांगते. आडवलं तर बसते. चहा करते. पन इचारत नाय."

सोमीला लगेच कळलं. वकिलांनी मला हेच तासभर समजावलं होतं: वर्षानुवर्षं उघडपणे, कुणालाही न विचारता चाललं, की त्या चालण्याचा हक्क होतो, त्याला वहिवाट म्हणतात. एकदा परवानगी मागितली की ते चालणं मालकाची मेहेरबानी ठरवता येतं. आणि मेहेरबानी कधीही काढून घेता येते.

उतार लागला आणि ऊन कलायला लागलं, तेव्हा आपण कुंपणाशी पोचलो. आदल्या वर्षी तिथं नुसती तार होती. रघुनाथ वॉचमन ती पायानं दाबून धरायचा आणि आपण वाकून पलीकडे जायचो. या वर्षी जाळी होती, मागच्या बाजारानंतर उभी केलेली, माणसापेक्षा उंच. वाटेवर बरोबर लोखंडी फाटक, त्याला कुलूप, आणि कुलपामागे रघुनाथ. खांब गावचा माणूस, आधी कंपनीत कंत्राटी, मग इथं. तुम्हा दोघांचं बरं होतं. तू त्याला रघ्या म्हणायचीस.

"रघ्या, आमी चाललो."

"मावशे, औंदा तसं नाय." तो जाळीला चिकटून उभा राहिला. "साहेबांनी सांगितलंय, कुनाला आडवायचं नाय. फक्त त्यांनी तोंडानं इचारायचं. जाव का, एवढंच. मी लगेच उघडतो."

"आणि नाय इचारलं तर?"

"तर कुलूप."

"साहेब हुशार हाय तुजा."

"हुशार हाय म्हनून तर साहेब हाय. मावशे, कशाला ताणतंस? दोन शब्द हायत. माजी नोकरी राहील, तुजी वाट राहील."

"तुजी नोकरी राहील बाबा. नोकरीबद्दल माजं काय म्हननं नाय."

तो हसला, पण त्याला हसायचं नव्हतं. तू फाटकासमोर फतकल मारलीस आणि सोमीला म्हणालीस, चुलीला तीन दगड बघ. ही तुझी रीत. फाटकाशी बसायचं, कोरा चहा उकळायचा, आतल्यालाही द्यायचा. शिवी नाही, घोषणा नाही. चहा पिऊन झाल्यावर समोरच्याला तुला अडवून धरणं जड जायचं. मी पत्रकं काढली आणि जाळीतून एक रघुनाथला दिलं. तो वाचू लागला. बाळू काटक्या मोडत होता.

आणि सोमी ओरडली.

तिनं उचललेल्या दगडाखाली विंचू होता, तांबडा, करंगळीएवढा. बाळूनं तो चपलेनं ठेचला. पहिल्यांदा सोमी नुसती हात धरून शिव्या देत होती, म्हणून मला वाटलं निभावेल. पण थोड्याच वेळात तिला घाम फुटला, त्या थंडीत, कपाळावरून धारा. मग ती ओकली. तिचे हात मी हातात घेतले तर ते बर्फासारखे गार पडले होते. तांबड्या विंचवानं माणूस जातो, हे आपल्या भागात लहान मुलालाही ठाऊक असतं. आल्या वाटेनं परत गेलं तर रात्र, जाळीला वळसा घालून गेलं तर दरी. समोर फाटक, त्याच्या पलीकडे कच्चा रस्ता, रस्त्यावर रघुनाथची मोटारसायकल, आणि खाली रोहा.

मी चुलीचा दुसरा दगड उचलला होता, आत्या. कुलपावर घालायला. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. उठलीस, पदर सावरलास, फाटकाशी गेलीस आणि हात जोडलेस.

"रघुनाथ, बाबा, दार उघड. तुज्या पाया पडते. जाव दे आमाला."

पहिल्यांदा तू त्याला रघ्या म्हणाली नाहीस. त्याची किल्ली आधीच हातात होती. मला आजही वाटतं, तू बोलली नसतीस तरी तो उघडणारच होता, अजून एका श्वासात. पण तू त्या श्वासासाठी थांबली नाहीस. त्यानं फाटक उघडलं, मोटारसायकल वळवली, सोमीला मध्ये घेतलं, मागे बाळू तिला धरून बसला, आणि ती तिघं त्या कच्च्या रस्त्यानं धूळ उडवत गेली.

मग आपण दोघी. सोमीची पाटी तू घेतलीस, बाळूचं ओझं मी. कच्च्या रस्त्यानं उतरायला लागलो. आणि नंतर मी बोलले, कारण मला गप्प राहता येत नाही.

"तू मागितलंस."

"व्हय."

"कुलूप तोडता आलं असतं."

"तोडायला येळ लागला असता. तोंड उघडायला नाय लागला."

"तो उघडणारच होता आत्या."

"कदाचित."

"मग तू थांबायचं होतंस. एवढी वर्षं..."

"एवढी वर्षं काय?" तू वळलीस. पाटी डोक्यावर, घामानं मान ओली. "ती पोरगी तिथं मेली असती आनि वाट राहिली असती, तर त्या वाटेनं तू चालली असतीस काय?"

मी म्हणाले, मी चालले असते. प्रत्येक वर्षी चालले असते, आणि त्या माणसाचं नाव घेऊन चालले असते, ज्यानं विंचू चावलेल्या बाईसाठी कुलूप लावलं. तू म्हणालीस, "ही पत्रकातली गोष्ट झाली." मी म्हणाले, पत्रकातल्या गोष्टींसाठीच आपण चालतोय. तू म्हणालीस, मी सोमीसाठी चालते. मी म्हणाले, सोमी एक आहे, वाडीत चाळीस घरं आहेत, उद्या त्यांच्यातल्या दुसऱ्या कुणाला विंचू चावेल आणि फाटक बंद असेल, तेव्हा? त्यावर तू पाटीखालची चुंबळ सरळ केलीस. मला वाटलं, मी जिंकले. आता वाटतं, तुला ते पटलं होतं आणि तरीही तू पुन्हा तेच केलं असतंस, आणि हे दोन्ही एका वाक्यात कसं सांगायचं ते तुला उतारावर सुचत नव्हतं.

रोह्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. जुबेदाचाचीच्या ओट्यावर आपण पाटी आणि ओझं उतरवलं. बाजाराला येणाऱ्या डोंगरातल्या बायका त्याच ओट्यावर उतरतात. तिच्या सासूच्या काळापासून तिथं पाण्याची घागर भरलेली असते. नवरा कुवेतला होता, आता मुलगा कतारला आहे, पण घागरीची जागा कुणी हलवली नाही. चाचीनं आधी बातमी दिली: सोमीला इंजेक्शनं दिलीत, बोलतेय, नवऱ्याला शिव्या देतेय, म्हणजे वाचली. तू ओट्यावर टेकलीस आणि पहिल्यांदा मला तुझं वय दिसलं. आपण एकमेकींकडे बघत नव्हतो, ते चाचीला लगेच कळलं.

"काय गो, भांडलाव?"

"ही भांडली," तू म्हणालीस.

"पाय धुवा आधी. भांडान काय पळून जात नाय." तिनं गरम पाणी आणलं. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी. तू माझ्या पानात स्वतःची अर्धी भाकरी ठेवलीस. मी ती परत तुझ्या पानात ठेवली. तू पुन्हा माझ्याकडे सरकवलीस आणि म्हणालीस, "पुढच्या वर्षी चढताना बोलू. उतरताना गुडघे दुखतात, माणूस कायपण बोलतो."

पुढचं वर्ष आपल्याला आहे असं आपण धरून चाललो, बघ.

नंतर एकदाच मी तुझ्या घरी आले. तू खाटेवर होतीस, श्वास लागत होता, पण बाजारात निवट्या मासळीचा भाव काय झालाय यावर तू भरपूर बोललीस. सोमीच्या बोटाबद्दल बोललो. माझ्या लग्नाबद्दल तू बोललीस, मी ऐकून घेतलं. फाटकाचं नाव दोघींपैकी कुणीच काढलं नाही. तुला बरं वाटलं की काढू, असं मी ठरवलं होतं. मग कळलं, मालकानं वाट कायमची बंद केली आणि ती उघडावी म्हणून केलेल्या आपल्या अर्जाला उत्तर दिलं: ही वहिवाट नव्हेच, यांच्या पुढारी बाईंनी हात जोडून परवानगी मागितली होती, आम्ही माणुसकीनं सोडलं. हे उत्तर तुला वाचून दाखवायला मी निघणार होते, त्याच सकाळी फोन आला.

आणि आता काल.

रोह्याच्या तहसील कचेरीत गर्दी होती. वाडीतली माणसं, सोमी, बाळू, आपली मंडळी, आणि तिकडच्या बाकावर रघुनाथ, इस्त्रीच्या शर्टात, मान खाली. मालकाचे वकील सभ्य होते. त्यांनी आधी तुझ्या जाण्याबद्दल दुःख व्यक्त केलं. मग मला विचारलं, "त्या दिवशी हिराबाईंनी फाटक उघडण्याची परवानगी मागितली होती का?"

आपली मंडळी माझ्याकडे बघत होती. सोमीही बघत होती. तिला कुणी काय सांगितलं होतं, मला माहीत नाही.

मी म्हणाले, "हो. मागितली. हात जोडून मागितली."

मागे कुणी तरी जोरात श्वास सोडला. वकील म्हणाले, आभारी आहे. मी म्हणाले, माझं झालं नाही. मी म्हणाले, त्या बाईनं हात कशासाठी जोडले तेही लिहून घ्या. समोर माणूस मरत असताना ज्याच्या हातात किल्ली आहे त्याच्यापुढे कुणीही हात जोडेल. त्याला तुम्ही परवानगी म्हणत असाल, तर बुडणारा माणूस वाचवा म्हणून ओरडतो, तेव्हा तो पाण्याचा मालक कोण हे कबूल करत असतो, असंही म्हणा. वकील म्हणाले, भाषण नको. तहसीलदार म्हणाले, बोलू द्या, पण थोडक्यात. मी थोडक्यात थांबले. मला वाटलं, वाट गेली. तुझ्या माघारी, माझ्या तोंडानं गेली.

मग त्यांनी रघुनाथला बोलावलं, त्यांचाच साक्षीदार. वकिलांनी विचारलं, तुम्हाला नक्की आठवतं, त्यांनी परवानगी मागितली?

"नक्की आठवतं."

"इतकं नक्की कसं?"

"त्याच्या आधी तिनं कवाच मागितली नव्हती ना," रघुनाथ म्हणाला. "म्हनून तर लक्षात राहिलं."

वकील पुढच्या प्रश्नाकडे वळत होते. तहसीलदारांनी हात वर केला. "आधी म्हणजे कधीपासून?"

"मी तिथं लागलो तवापासून. नुसते खांब होते तवापासून. ती यायची, बोलायची, आमी चाललो. मी बोलायचो, जा बाय. वाडीतल्या बायका तर दर बाजाराला जायच्या. त्या कोन कुनाला इचारतात?" मग त्यानं मान वर केली आणि मालकाच्या बाकाकडे न बघता म्हणाला, "ते दोन शब्द तिच्याकडनं काढायला मला सांगितलं व्हतं. तिनं नाय काढले. इंचवानं काढले."

कारकुनानं ते लिहून घेतलं. निकाल नंतर देतो म्हणाले.

बाहेर आल्यावर आपल्या मंडळींनी माझी पाठ थोपटली. हुशारीनं केलंस, म्हणाले. मी त्यांना तिथंच सांगितलं आणि तुलाही सांगते: यात काही हुशारी नव्हती. रघुनाथ काय बोलेल हे मला ठाऊक नव्हतं. तो गप्प बसला असता आणि वाट गेली असती, तरी मी हेच बोलले असते. तुझ्या नावानं खोटं बोलून मिळालेली वाट मला नको होती. तुला डाग नको म्हणून तुझं खरं लपवायचं, म्हणजे त्या नाक्यावरच्या फ्लेक्ससारखंच, शेजारची माणसं कापून टाकायची. त्या दिवशी तुझ्या शेजारी सोमी होती. तिला कापून तुझा फोटो मी काढू देणार नाही.

रघुनाथची नोकरी गेली की राहिली, अजून कळलेलं नाही. तो बसमध्ये चढताना सोमीनं त्याच्या हातात शेंगांची जुडी कोंबली. तो नको नको म्हणत होता.

निकाल काय लागायचा तो लागो. फाटकाला आज कुलूप आहे. येत्या शनिवारी वाडी बाजाराला निघणार आहे, त्याच वाटेनं, आणि मी त्यांच्याबरोबर असणार आहे. मीठ घेतलंय. पत्रक नवं लिहिलंय, त्यात विनंती नाही. उघडलं नाही तर बसू. रात्र झाली तरी बसू. दगड उचलायच्या आधी काठीनं उलटून बघू.

पण आपलं भांडण मी सोडलेलं नाही, आत्या. तू मेलीस म्हणून तू बरोबर ठरत नाहीस. मेलेल्या माणसाशी सगळे एकदम सहमत होतात, मला ती सहमती अपमान वाटते. माझा प्रश्न तसाच उभा आहे: चाळीस घरांचं काय? आणि तुझाही तसाच आहे. वाट राहिली असती, तर त्या वाटेनं तू चालली असतीस काय? उत्तर द्यायला मला अजून काही वर्षं चालावं लागेल.

काल रोह्याहून येताना मात्र मला एक वेगळाच प्रश्न पडला. तो दगड तू उचलला असतास तर? विंचू तुला चावला असता आणि फाटकाशी मी असते तर? तू घामानं भिजून, गार पडत, मला दटावलं असतंस, हे मला लख्ख दिसतं. खबरदार इचारशील तर, म्हणाली असतीस. आणि तत्त्वांवर एवढं बोलणारी मी, तुझं एक अक्षर ऐकलं नसतं. हात जोडले असते, पाया पडले असते, रघुनाथच्याही आणि त्याच्या साहेबाच्याही. तू वाचली असतीस आणि त्याबद्दल मला कधी क्षमा केली नसतीस. दरवर्षी धार चढताना मला ते ऐकवलं असतंस, सोमीसमोर, बाळूसमोर, आणि मी दरवर्षी ऐकून घेतलं असतं.